आधी अंदाज, मग काटा: प्रोग्राम लिहिताना कल्पकता आणि अंतःप्रेरणा कशी वापरायची

अंबिया बहाराच्या दिवसांत नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात संत्र्याची भरलेली गाडी आली की जुना अडत्या तिच्याभोवती एक चक्कर मारतो, वरची चार फळं दाबून बघतो, टायर किती बसलेत ते पाहतो आणि म्हणतो, "साडेतीन टन भरते, पाहून घ्या भाऊ." गाडी काट्यावर चढते. गाडीचं वजन वजा जाता माल ३,४८५ किलो. यात जादू काही नाही. माल तोच, गाड्या त्याच धाटणीच्या, आणि अंदाज बोलून झाल्यावर थोड्याच वेळात काट्याचा आकडा समोर. वर्षानुवर्षं रोज हेच घडलं की नजर तयार होते.

अशा तयार नजरेवर किती भरवसा ठेवावा, या प्रश्नावर डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन हे दोन मानसशास्त्रज्ञ एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना होते. कानमनला तज्ज्ञांच्या अंदाजांतल्या चुका दिसायच्या, तर क्लाइनला आग विझवणाऱ्या जवानांचे क्षणात घेतलेले अचूक निर्णय. २००९ साली दोघांनी मिळून एक लेख लिहिला आणि त्यात दोन अटींवर त्यांचं जुळलं. ज्या कामातला अंदाज करायचा त्या कामात काही नियमितपणा हवा, आणि अंदाज बरोबर की चूक हे माणसाला वेळेवर कळायला हवं.

परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये बसून प्रोग्राम लिहिणाऱ्याची पहिली अट बऱ्यापैकी पूर्ण होते. घोडं अडतं ते दुसरीवर. "ही रचना पुढे त्रास देईल" असं आज वाटलं, तर त्याचा निकाल लागायला आठ महिने जातात. तोवर माणूस दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेला असतो आणि निस्तरत भलताच कोणी बसतो. त्यामुळे दहा वर्षं काम करूनही नजर तयार होईलच याची खात्री नसते. अंतःप्रेरणेवर भरवसा ठेवायचा असेल, तर आधी स्वतःपुरता एक काटा बसवून घ्यावा लागतो. बाकीचं त्यानंतर.

खालची उदाहरणं एकाच कल्पित प्रोग्रामची आहेत: अडत्याच्या दुकानात शेतकऱ्याला द्यायची विक्रीची पट्टी काढणारा. गाडीचं निव्वळ वजन, टनाचा भाव, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं आणि आधी घेतलेली उचल वजा, उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या हातात.

अंदाजवही

साधी दोनशे पानी वही चालते, किंवा प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाइल. एका नोंदीत पाच गोष्टी लिहायच्या: तारीख, अंदाज, खात्री किती टक्के, तपास कसा करणार, आणि निकाल. निकालाची जागा सुरुवातीला रिकामी राहते. नमुना असा:

१२ नोव्हेंबर | पट्ट्यांची यादी हळू उघडते, कारण रक्कम अक्षरी लिहिणारं फंक्शन | ८०% | प्रोफाइलर (वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) लावणे | चूक. प्रत्येक पट्टीसाठी शेतकऱ्याचं नाव डेटाबेसमधून वेगळं मागवलं जातंय.

अंदाज लिहायला एका मिनिटाच्या वर वेळ लागू नये. लागला तर वही आठवड्याभरात बंद पडते. मात्र तो इतका नेमका हवा की चूक ठरू शकेल. "इथे काहीतरी गडबड आहे" ही नोंद कधीच चूक ठरत नाही, म्हणून ती निरुपयोगी. "वजन शून्य असलेली गाडी आली तर ही ओळ फुटेल" ही नोंद कामाची.

वही बिघडते ती दोन कारणांनी. पहिलं म्हणजे तपास करून झाल्यावर अंदाज लिहिणं. उत्तर कळल्यावर "मला वाटलंच होतं" असं प्रत्येकालाच वाटतं, आणि ते वाटणं प्रामाणिकही असतं, त्यामुळे स्वतःला पकडता येत नाही. दुसरं म्हणजे फक्त मोठे, शोभेचे अंदाज लिहिणं. चूक कुठल्या फाइलमध्ये असेल, ही चाचणी पास होईल का, हे काम दुपारपर्यंत संपेल का, असले किरकोळ अंदाजच रोज चार-पाच मिळतात आणि त्यांचा निकाल त्याच दिवशी लागतो. नजर तयार होते ती यांच्यावर.

तीसेक नोंदी झाल्या की वही वाचायला घ्या, पण सगळी बेरीज एकत्र करू नका. प्रकार वेगळे काढा: चूक कुठे आहे, काम किती वेळ घेईल, प्रोग्राम कुठे रेंगाळतो, वापरणारा कुठे अडखळेल. एकाच माणसाची नजर एका प्रकारात पक्की आणि दुसऱ्यात कच्ची असते, हे तिथे उघड दिसतं. "८०%" लिहिलेल्या दहा नोंदींपैकी आठच्या आसपास बरोबर निघाल्या तर तुमच्या ८० ला अर्थ आहे. पाचच निघाल्या तर त्या प्रकारात तुमचं "नक्की" म्हणजे नाणेफेक, आणि तिथे तपास केल्याशिवाय हात लावायचा नाही.

वेगाच्या बाबतीत तर बहुतेकांची वही लाजवते. कारण आपण कोड वाचताना वेळ ओळींच्या संख्येवरून जोखतो. अक्षरी रकमेचं फंक्शन साठ ओळींचं, म्हणून ते जड वाटतं. डेटाबेसची हाक मात्र एका ओळीची. यादीत ४०० पट्ट्या असतील आणि प्रत्येकीचं नाव वेगळं मागवलं जात असेल, तर एक यादीची आणि ४०० नावांच्या अशा ४०१ फेऱ्या होतात. एका फेरीला २ मिलिसेकंद धरले तरी सुमारे ८०० मिलिसेकंद त्यातच गेले. साठ ओळींच्या फंक्शनचा वाटा त्यापुढे किरकोळ. नावं एकाच फेरीत आणली की काम झालं. म्हणून वेगाबद्दल अंदाज जरूर लिहा, पण प्रोफाइलर लावल्याशिवाय कोड बदलू नका.

खटकतंय, पण का ते सांगता येत नाही

कोड चालतो, चाचण्या पास होतात, तरी वाचताना कपाळावर आठी येते. प्रोग्रामरांच्या बोलीत याला कोडचा वास म्हणतात. हा शब्दप्रयोग प्रोग्रामर केंट बेकचा, आणि १९९९ साली मार्टिन फाउलरच्या रिफॅक्टरिंगवरच्या, म्हणजे कोडचं काम न बदलता रचना सुधारण्यावरच्या, पुस्तकातून तो सगळीकडे पोचला. वास आला की लगेच पुसायला धावू नये, तसं नाकही दाबून घेऊ नये. स्वतःला अस्सल नागपुरी प्रश्न विचारायचा, "काहून?" आणि उत्तर मिळेपर्यंत जागा अरुंद करत जायचं. आधी कुठली फाइल, मग कुठलं फंक्शन, मग बोट ठेवून कुठली ओळ. ओळ सापडली की तिला फोडेल असा सगळ्यात लहान इनपुट शोधायचा. पंधरा मिनिटांत असा इनपुट सापडला नाही तर वहीत नोंद करून पुढे जा. वास खरा असेल तर तो पुन्हा येतोच.

पट्टीच्या प्रोग्राममध्ये ही ओळ बघा: पट्टी_काढा(गाडी, खरं, खोटं, खरं). तीन खरं-खोटं म्हणजे रोख आहे का, उधार आहे का, उचल वजा करायची का. का खटकतं? तीन खरं-खोट्यांच्या जोड्या होतात आठ. दुकानात विचारा, प्रत्यक्ष व्यवहाराचे प्रकार तीनच निघतील: रोख, उधार, आणि उचल कापून रोख. उरलेल्या पाच जोड्या बाजारात नसतात, पण प्रोग्राममध्ये असतात. एकाच वेळी रोखही आणि उधारही अशी पट्टी तो बिनतक्रार काढेल, तीही नेमकी गर्दीच्या दिवशी. तीन खरं-खोटं काढून तिथे "व्यवहाराचा प्रकार" हा एकच रकाना आणि त्यात तीन ठरलेले पर्याय ठेवले की पाच अशक्य गोष्टी खरोखरच अशक्य होतात.

दुसरं उदाहरण मराठी वाचणाऱ्यालाच खटकेल असं. शोधात "वऱ्हाडे" टाकलं, यादीत वऱ्हाडे दिसतात, तरी प्रोग्राम म्हणतो सापडले नाहीत. परक्या डोळ्याला यात काही वावगं दिसणार नाही. पण ऱ्ह हे अक्षर दोन रस्त्यांनी टाइप होतं, हे ज्याच्या बोटांना माहीत आहे त्याला लगेच चाहूल लागते. एका कीबोर्डवर ते ऱ, हलन्त आणि ह असं बनतं. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, मग न दिसणारं झिरो विड्थ जॉइनर हे चिन्ह, आणि ह. पडद्यावर दोन्ही सारखीच. संगणकाला मात्र ती वेगळी. युनिकोडचं (संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक प्रमाण यादीचं) नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे सारखी अक्षरं एका रूपात आणणारं एनएफसी, चालवूनही ती एक होत नाहीत, कारण ते जॉइनरला हात लावत नाही.

घाईत सुचणारा उपाय म्हणजे सगळे जॉइनर पुसून टाकणं. तो करू नका. जॉइनर गेला की र चा रफार होतो आणि वऱ्हाड्यांचं नाव पट्टीवर "वर्हाडे" छापलं जातं. त्याऐवजी र, हलन्त आणि जॉइनर हा तिघांचा क्रम दिसला की तिथे ऱ आणि हलन्त ठेवायचं. एवढी एक ओळ नाव साठवताना आणि शोधताना, दोन्ही ठिकाणी हवी. एकाच ठिकाणी लावली की अर्धे शेतकरी सापडतात आणि चूक शोधणं आणखी अवघड होतं. सोबत हेही तपासा: "नागपूर" डोळ्याला चार अक्षरं, युनिकोडमध्ये सहा चिन्हं, ती साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत १८ बाइट. नावाच्या रकान्याची मर्यादा बाइटमध्ये मोजली जात असेल, तर २० ची मर्यादा मराठीत सहा चिन्हांतच संपते.

एकाच कामाचे तीन आराखडे

पहिला सुचलेला मार्ग बहुधा मागच्या प्रोजेक्टमधून आलेला असतो. त्याला सुचणं म्हणण्यापेक्षा आठवणं म्हणावं. कल्पकतेला जागा मिळते ती दुसऱ्या-तिसऱ्या मार्गाला. म्हणून नवं काम हातात आलं की संगणक बंद, कोरा कागद, २५ मिनिटं, आणि तीन आराखडे. प्रत्येकाला अर्धं पान. पहिला नेहमीचा. दुसऱ्यात एक कडक बंधन घालायचं. तिसऱ्यात जी गोष्ट असलीच पाहिजे असं तुम्ही धरून चालला आहात तीच काढून टाकायची: लॉगिन, डेटाबेस, नाहीतर पडदाच.

पट्टीसाठी पहिला आराखडा म्हणजे बारा रकान्यांचा फॉर्म. तो कोणालाही सुचतो. दुसऱ्याला बंधन घालू: गर्दीच्या वेळी नेट नाही असं धरा. मग नोंद फोनमध्येच साठवून नंतर पाठवायची, म्हणजे पट्टीचा क्रमांक सर्व्हरकडून मागता येणार नाही, म्हणजे प्रत्येक फोनला स्वतःचं आद्याक्षर आणि स्वतःची क्रममालिका. एका बंधनातून क्रमांकाची अख्खी रचना बदलली, आणि दोन मुनिमांनी एकाच क्षणी पट्टी काढली तर एकच क्रमांक दोघांना जाण्याची भीतीही गेली.

तिसऱ्यात "दुरुस्ती" हे बटणच काढून टाकू. चुकलेली पट्टी बदलायचीच नाही. मग करायचं काय? उत्तर इतवारीतल्या कुठल्याही जुन्या पेढीच्या कीर्द-खतावणीत आहे. तिथे चुकलेली नोंद खोडत नाहीत, तिच्यासमोर उलट नोंद टाकतात आणि बरोबर नोंद नव्याने लिहितात. प्रोग्राममध्येही तसंच: जुनी पट्टी तशीच, तिची उलट पट्टी, मग नवी. कोणी, कधी, काय बदललं याचा इतिहास आपोआप तयार होतो, त्यासाठी वेगळा तक्ता लागत नाही. शेतकरी जुना कागद घेऊन आला तर तोही सापडतो. प्रोग्रामर मंडळी इतर प्रोग्राम बघून कल्पना शोधतात, पण हिशेबाच्या वह्या, रेल्वेच्या पाट्या, शिंप्याची मापं लिहायची पद्धत यांत जास्त सापडतं, कारण तिथल्या अडचणी शंभर वर्षं घासून सपाट झालेल्या असतात.

शेवटी बांधायचा तो आराखडा अनेकदा मिसळीचा असतो, इथे दुसऱ्यातली क्रममालिका आणि तिसऱ्यातली उलट नोंद. कागद फेकू नका. सहा महिन्यांनी "असं का केलं?" विचारणारे तुम्हीच असता.

यंत्राकडून कोड लिहून घेत असाल तर हे २५ मिनिटांचं काम त्याआधी करा. सुचवलेला कोड डोळ्यांसमोर आला की त्याच्यापेक्षा वेगळं सुचणं फार अवघड जातं.

कच्चा प्रयोग, ९० मिनिटं

आराखड्यातली जी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आहे, तेवढीच करून बघायची. एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग ही कामाची पद्धत पाळणारे याला स्पाइक म्हणतात. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये वेगळी शाखा काढा, तिच्या नावातच "कच्चं" टाका, आणि वरती एकच प्रश्न लिहा: "नेट नसताना फोनमध्ये ५०० पट्ट्या साठवून नंतर क्रम न बिघडता पाठवता येतात का?" दुसरा प्रश्न डोक्यात आला तर तो कागदावर, कोडमध्ये नाही. घड्याळ लावा. ९० मिनिटांनी उत्तर हो, नाही, किंवा "प्रश्नच चुकीचा होता", यांपैकी काहीही चालतं. पाच ओळींची नोंद लिहून शाखा पुसून टाका.

इथे एकच अपघात पुन्हा पुन्हा होतो. कच्चा प्रयोग साहेबांना आवडतो आणि सोमवारी तोच गिऱ्हाइकाकडे जातो. त्यात चुकांची तपासणी नसते, चाचण्या नसतात. हे टाळायचा हुकमी उपाय म्हणजे प्रयोग मुद्दाम पाठवता न येण्याजोगा करणं: पडदा काळा-पांढरा, शेतकऱ्यांची नावं "अ", "ब", "क", जमलं तर भाषाही वेगळी. पॉलिश करायला दहा मिनिटंसुद्धा देऊ नका. सुंदर दिसणारा प्रयोग पुसायला स्वतःचाच हात धजत नाही.

अडकल्यावर उठायचं कधी

फ्रेंच गणिती आंरी प्वँकारे याने १९०८ साली सांगितलेला प्रसंग या बाबतीत नेहमी दिला जातो. कित्येक दिवस ज्या गणितावर तो झटत होता त्याची किल्ली त्याला कूतांस गावात बसच्या पायरीवर पाय ठेवताना सापडली. लोक इथेच थांबतात. पुढचं आणि मागचं दोन्ही सोडून देतात. मागे भरपूर जाणीवपूर्वक मेहनत होती, आणि पुढे घरी परतल्यावर त्याने सवडीने पडताळणी केली. फिरायला जाऊन उत्तर मिळतं ते आधी प्रश्न अंगात भिनलेला असेल तरच.

म्हणून उठण्याआधी दोन कामं. प्रश्न एका वाक्यात लिहा, आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं त्याची यादी करा. वाक्य लिहिता येत नसेल तर तुम्ही थकलेले नाही, प्रश्नच अजून समजलेला नाही. अशा वेळी शेजारच्याला पोहे-तर्रीवर घेऊन जा आणि त्याला समजावून सांगा. निम्म्या वेळा सांगता सांगता तुम्हीच थांबता. वाक्य लिहून झालं असेल तर मात्र एकटे निघा, फुटाळा किंवा अंबाझरी तलावाकडे, अर्धा तास, फोन खिशात. मे महिन्यात हे भर दुपारी करू नये हे नागपूरकराला सांगायला नको. उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत किंवा दिवस मावळल्यावर.

परत आल्यावर जे सुचलं ते आधी अंदाजवहीत, मग कोडमध्ये. चालताना सुचलेलं सगळंच झळाळत असतं.

दिवस संपवताना एक नापास होणारी चाचणी लिहून ठेवली तर सकाळी पहिली दहा मिनिटं "कुठे होतो आपण?" यात जात नाहीत.

जिथे मनाचं ऐकायचं नाही

पैसे. ३.४८५ टन आणि २७,५०० चा भाव, रक्कम ९५,८३७ रुपये ५० पैसे. मन म्हणतं दशांशाचा आकडा ठेवू. पण संगणकाच्या नेहमीच्या फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, किंचित जास्त येते. रक्कम पूर्णांक पैशांत ठेवा, वजन पूर्णांक किलोत, आणि रुपयाला पूर्ण करायचं ते एकदाच, शेवटच्या ओळीत.

तारखा. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवणं योग्यच, पण भारताची वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. पहाटे चारला काट्यावर चढलेली गाडी यूटीसीत आदल्या रात्री साडेदहाची होते. दिवसाचा हिशेब यूटीसीच्या तारखेवर काढला तर साडेपाचच्या आधी आलेली प्रत्येक गाडी कालच्या खात्यात जाते. ऑफिसात दिवसा केलेल्या चाचणीत हे कधीच दिसत नाही.

पासवर्ड आणि सांकेतिकीकरण: स्वतःची कल्पकता इथे अजिबात नको, तपासून घासून निघालेली लायब्ररी वापरा.

चार जणांत

कोड तपासताना "मला कसंतरी वाटतंय" असं म्हणायची मुभा असावी, पण सोबत एक इनपुट किंवा एक प्रश्न द्यायचा. "हे बरोबर वाटत नाही" यावर भांडण होतं, "रिकाम्या गाडीचं वजन भरलेल्या गाडीपेक्षा जास्त टाकलं तर?" यावर काम होतं.

बैठकीत सीनियर आधी बोलला की बाकीच्यांची अंतःप्रेरणा तिथेच आटोपते. त्याआधी दोन मिनिटं शांतपणे प्रत्येकाने आपला अंदाज चिठ्ठीवर लिहावा: कुठे फुटेल, किती दिवस लागतील. मग चिठ्ठ्या उघडा. सगळ्यांचे आकडे जवळपास असतील तर चर्चा आवरती घ्या. एकाने तीन दिवस आणि दुसऱ्याने तीन आठवडे लिहिले असतील, तर तीन आठवडेवाल्याला आधी बोलू द्या. त्याला काहीतरी दिसलेलं असतं, बहुतेकदा जुन्या डेटातलं.

आणि प्रोजेक्ट बदलला, भाषा बदलली, की अंदाजवहीत नवं पान. बाजाराच्या प्रोग्राममध्ये चूक शोधण्याचा तुमचा ८०% हॉस्पिटलच्या प्रोग्राममध्ये चालत नाही. तिथल्या पहिल्या तीस नोंदी होईपर्यंत खात्रीच्या रकान्यात ६० च्या वर आकडा टाकू नका.